संगणकात संगणक : मोफत सॉफ्टवेअरचा पुरेपूर उपयोग



संगणकाच्या पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात दुसरा अख्खा संगणक चालवायचा, ही सोय आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. तिला आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरा संगणक हा यजमान आणि खिडकीतला हा पाहुणा. पाहुण्याला वाटते की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, मेमरी आहे, हार्ड डिस्क आहे. प्रत्यक्षात त्याची हार्ड डिस्क ही यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाईल असते, बाकी काही नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढचे सगळे फायदे यातूनच निघतात.

कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० आणले. घरगुती संगणकावर ती सोय व्हीएमवेअर वर्कस्टेशनने १९९९ मध्ये आणली, पण विकत. पुढे व्हर्च्युअलबॉक्स आले. जर्मनीच्या इनोटेक कंपनीने २००७ मध्ये त्याचा मूळ आराखडा खुला केला. २००८ मध्ये सन आणि २०१० मध्ये ओरॅकल अशी त्याची मालकी बदलली, तरी मूळ पॅकेज मोफतच राहिले. व्हीएमवेअर २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमकडे गेल्यावर वर्कस्टेशन प्रो हेही २०२४ मध्ये मोफत झाले. आधी वैयक्तिक वापराला, मग सर्वांना. या लेखात आम्ही व्हर्च्युअलबॉक्स धरून चाललो आहोत, कारण ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर सारखेच चालते.

मोफत मिळते म्हणून अनेक जण ते उतरवून घेतात, एकदा चालवून पाहतात आणि 'फार संथ आहे' म्हणून काढून टाकतात. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. प्रथम बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का ते पाहावे. इंटेलवर तिला व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम म्हणतात. मग चालू पाहुण्याच्या खिडकीच्या खालच्या पट्टीकडे बघावे. तिथे हिरवे कासव दिसले, तर विंडोजच्या हायपर-व्हीने प्रोसेसरची ती सोय आधीच आपल्या ताब्यात घेतली आहे असे समजावे. (कासव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला आमचा नमस्कार!) विंडोजच्या वैकल्पिक सोयींतून हायपर-व्ही बंद केल्यावर वेग बराच सुधारतो. मात्र विंडोजमधील 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षणही याच यंत्रणेवर उभे असते. ते बंद करायचे की नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाने ठरवावे.

पाहुण्याला मेमरी किती द्यावी? ८ जीबीच्या संगणकावर हलक्या लिनक्सला २ ते ३ जीबी पुरते. निम्म्याहून जास्त देऊ नये. यजमान उपाशी राहिला की पाहुण्याचेही हाल होतात. चार कोर असतील तर दोन द्यावेत. आणि पाहुण्याची फाईल जुन्या फिरत्या डिस्कवर न ठेवता एसएसडीवर ठेवावी. या एका बदलाने पडतो तेवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. शाळेसाठी खर्च करायचाच झाला तर नवे संगणक घेण्याआधी जुन्यांत एसएसडी आणि मेमरी घालावी, असे विश्वस्त मंडळाला आमचे सांगणे आहे.

पाहुण्यात 'गेस्ट ॲडिशन्स' घालायला विसरू नये. त्यांच्यामुळे पडदा खिडकीएवढा होतो, माऊस अडकत नाही आणि सामायिक फोल्डर वापरता येतो.

आता स्नॅपशॉट. पाहुणा या क्षणी जसा आहे तसा गोठवून ठेवायचा आणि हवे तेव्हा तिथे परत यायचे. प्रयोगशाळेत याचा उपयोग फार मोठा आहे. लिनक्स बसवून 'स्वच्छ' नावाचा एक स्नॅपशॉट घ्या, मग मुलांना हवे ते करू द्या. महत्त्वाची फाईल पुसू दे, डिस्कचे तुकडे करू दे, पासवर्ड विसरू दे. दोन मिनिटांत सारे पूर्ववत. 'हात लावू नकोस, बिघडेल' या वाक्याने आपल्याकडे संगणक शिकण्याचे जेवढे नुकसान केले, तेवढे जुन्या यंत्रांनीही केले नसेल. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्क गेली की तोही गेला. आणि स्नॅपशॉट 'डिलीट' केल्याने सध्याचे काम जात नाही, फक्त परतीची ती खूण जाते. या भीतीपोटी पुष्कळ जण वीस-वीस स्नॅपशॉट साठवतात आणि मग डिस्क भरली म्हणून तक्रार करतात.

हे सगळे झाले कसे करायचे याचे. कशासाठी करायचे, याचे आमच्या मते सर्वांत तातडीचे उत्तर आपल्या कपाटात आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा गावांतल्या मराठी संस्थांच्या स्मरणिका, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, व्याख्यानमालांची टिपणे असे १९९० नंतरचे कितीतरी साहित्य पेजमेकरमध्ये श्री-लिपी, आकृती किंवा आयएसएमचे फॉन्ट वापरून जुळवलेले आहे. छापील प्रत एखादीच उरली असेल, आणि फाईल नव्या संगणकावर उघडली तर इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा काला दिसतो. कारण या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेले असते. फॉन्ट नसला की घरमालक बाहेर डोकावतो! पुणे-मुंबईत असे काही हरवले तर दुसरीकडे सापडण्याची आशा असते. आपल्या गावचा मराठी इतिहास दुसरा कोण छापून ठेवणार?

यावर उपाय म्हणजे विंडोज एक्सपीचा पाहुणा. ५१२ एमबी मेमरी आणि १० जीबीची डिस्क त्याला भरपूर झाली. डिस्कचा कंट्रोलर आयडीई ठेवावा. साटा ठेवला तर एक्सपीला तो ओळखता येत नाही आणि निळा पडदा दिसतो. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणून त्याचे नेटवर्क कार्ड तोडलेलेच ठेवावे. जुन्या सीडीवर विषाणू असण्याचीही शक्यता असते. तेव्हा फाईल आत द्यायचा सामायिक फोल्डर 'रीड-ओन्ली' ठेवावा आणि बाहेर काढायला वेगळा, रिकामा फोल्डर द्यावा. फॉन्टच्या पॅकेजला यूएसबीचे कुलूप असेल तर 'यूएसबी' मेनूतून ते पाहुण्याकडे सोपवता येते. प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर लागणारे कुलूप मात्र बहुधा दाद देत नाही.

परवान्याविषयी स्पष्ट लिहितो. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे म्हणून आतले विंडोज मोफत होत नाही. एक्सपीची स्वतःची, दुकानातून घेतलेली प्रत हवी. संगणकासोबत आलेली ओईएम प्रत त्याच यंत्राशी बांधलेली असते. व्हर्च्युअलबॉक्सच्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना मूळ पॅकेजहून वेगळा आहे. तो वैयक्तिक व शैक्षणिक वापराला मोफत असला तरी कार्यालयात वापरण्याआधी अटी वाचाव्यात. या कामाला त्याची गरजही नाही.

फाईल एकदा उघडली की पहिले काम पीडीएफ करण्याचे, फॉन्ट आत गुंफून. त्याने पान जसे होते तसे टिकते. नंतर मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. इथे परिवर्तक प्रोग्राम मदत करतात, पण चुकाही करतात. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी आधी आणि 'क' नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रफाराचे उलट आहे. 'सूर्य'मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये 'य'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'य'च्या आधी. म्हणून परिवर्तनानंतर नेमके रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे तपासावी लागतात. हे काम यंत्राचे नव्हे. नववी-दहावीच्या मुलांनी पीडीएफ शेजारी ठेवून वाचावे. आडनावे आणि गावची जुनी नावे आजी-आजोबांनी पाहावीत, कारण ती कोणत्याच शब्दकोशात नसतात.

घरी अशा सीडी किंवा फ्लॉपी असतील तर त्यांच्यावर वर्ष व कार्यक्रमाचे नाव लिहून संगणक कक्षात आणून द्याव्यात. लिहिता येणाऱ्या सीडीवरचा थर काळानुसार खराब होतो, त्यामुळे दिवाळीच्या सुटीची वाट पाहू नये. ज्यांना एक्सपीचा पाहुणा स्वतःच तयार करायचा आहे त्यांनी तो 'सेव्ह'ने गोठवून न ठेवता रीतसर बंद करावा आणि मग 'एक्स्पोर्ट अप्लायन्स'ने त्याची एकच ओव्हीए फाईल काढावी. ती पेनड्राईव्हवरून आणली की शाळेच्या संगणकावर तशीच उघडता येईल.