तहकूब ठेवलेली कादंबरी

वादग्रस्त ग्रंथ अर्ध्यावर मिटून ठेवणे हा वाचकाचा अबाधित हक्क आहे. परंतु त्या अर्ध्या वाचनाच्या बळावर अख्ख्या ग्रंथाचा फैसला सुनावण्याची जी खोड आपल्या वाचकवर्गास जडली आहे, तिच्याविषयी अनुभवाचे चार शब्द लिहावेत असे वाटते.

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘कोसला’कारांनी आता काय लिहिले असेल या कुतूहलाने, नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींनी पुण्यामुंबईहून येणाऱ्याजाणाऱ्यांकरवी ती अगत्याने मागविली. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचे कळताच मोरगावी परततो, एवढेच ज्याचे बाह्य कथानक, त्या सहाशे पृष्ठांच्या पसाऱ्यात धर्माची स्तुती शोधणारे आणि निंदा शोधणारे असे दोन्ही पक्ष सारखेच हिरमुसले. मी कोणत्याच पक्षाचा नव्हतो, तरी गणगोताच्या त्या गर्दीत माझी वाट सुटली आणि ग्रंथ कपाटात गेला. गंमत अशी की, त्यावरील वादविवाद मात्र मी अथपासून इतिपर्यंत वाचीत राहिलो.

पुढे २०१४चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना जाहीर झाला, त्यांनी सलमान रश्दींच्या लेखनावर केलेली टीका गाजली, आणि ज्यावर तुम्ही तुटून पडता ते वाचले तरी आहे काय, अशा अर्थाचा शेलका अहेर रश्दींनी जाहीरपणे केला. त्या सुमारास दिल्लीतील आमच्या बैठकींतून ‘हिंदू’विषयी तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जण हाच प्रश्न आपणांस विचारला असता टिकले असते, याचा हिशेब न मांडलेलाच बरा.

कादंबरीकडे मला परत नेले ते मात्र कोणा समीक्षकाने नव्हे. महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेली खंडेरावाची आत्या आणि फाळणीपलीकडच्या मुलखात चाललेला तिचा शोध हा भाग मला प्रथम ओढूनताणून आणलेला वाटला होता. पंजाबात जयकृष्णी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पंथाचे अनुयायी पेशावरपर्यंत पसरलेले होते आणि फाळणीनंतर त्यांतील कित्येक कुटुंबे दिल्लीत येऊन वसली, हे येथे राहूनही मला ठाऊक नव्हते. अशाच एका घरी वयोवृद्ध यजमानांनी पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींची मराठी सूत्रे मांडी घालून, डोळे मिटून, अस्खलित म्हणून दाखविली आणि लगेच सुनेला चहा ठेवण्याविषयी पंजाबीत फर्माविले, तेव्हा कादंबरीतील जो मजकूर मी असंभाव्य म्हणून खारीज केला होता, तो माझ्या शेजारच्या मोहल्ल्यात नांदत असल्याचे दिसले.

अशा ग्रंथाकडे पुन्हा वळू इच्छिणाऱ्यांनी प्रथम त्यावरील वाद तहकूब ठेवावा, कारण वाद आधी वाचला की कादंबरी केवळ साक्षीपुराव्याचे दप्तर होऊन बसते. नातीगोती ध्यानात राहत नसतील तर खुशाल कागदावर वंशावळ काढावी. आडकथा आली की मुख्य कथानक कधी सुरू होते याची वाट पाहू नये, कारण असल्या रचनेत आडकथा हाच मुख्य ऐवज असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची ती जगप्रसिद्ध नर्तिका पाहावी. उणीपुरी साडेदहा सेंटिमीटरांची, हाताच्या पंजात मावेल एवढी ती मूर्ती, डाव्या दंडापासून मनगटापर्यंत बांगड्या ल्यालेली, कमरेवर हात ठेवून उभी आहे. खंडेरावाला उत्खननाचे एवढे वेड का, हे तिच्यापुढे घटकाभर उभे राहिल्यास पुष्कळसे उमगते.

मात्र पुनर्वाचन म्हणजे बिनशर्त शरणागती नव्हे. या कादंबरीतील काही उल्लेखांवर बंजारा समाजातून आक्षेप घेतले गेले. ते उद्गार पात्राचे की लेखकाचे, याची छाननी ज्या त्या प्रसंगी स्वतः करावी, आणि दुखावलेल्यांची कैफियतही कादंबरीइतक्याच सबुरीने ऐकावी. मला स्वतःला त्यातील काही प्रवचने आजही लांबलेली वाटतात, आणि शेवटचे पान वाचून झाल्यावर तसे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

ग्रंथ आवडला नाही तर तसे ठणकावून सांगावे. फक्त तो निकाल संपूर्ण कागदपत्र पाहून दिलेला असावा.