रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी आणि लडाखचा प्रवास

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये आजवर बोअरचेच पाणी घातले. आता ते तांबूस दिसते. लडाखला जायचे आहे. वरून कूलंट ओतले तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, आधी सिस्टीम धुवा. तांबूस रंग म्हणजे आत गंज धरला आहे. शिवाय जड पाण्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्या अडवतो.

इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा, नाहीतर उकळते पाणी अंगावर उडेल. जुने पाणी काढून डिस्टिल्ड वॉटर भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून वरचा होज पाइप तापेपर्यंत इंजिन चालवा. थंड झाल्यावर पाणी सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करा.

खरी चूक पुढे होते. पाणी सोडले तरी इंजिन ब्लॉकमध्ये बरेच शिल्लक राहते. त्यावर कूलंट-पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण ओतले की ते पातळ होते. म्हणून पुस्तिकेत एकूण क्षमता पाहा. ती ६ लिटर असेल, तर आधी ३ लिटर निव्वळ कूलंट घाला, मग डिस्टिल्ड वॉटरने भरून घ्या. तयार मिश्रणाचा डबा इथे नको.

निम्मे-निम्मे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. कूलंटमधला मुख्य घटक, निव्वळ इथिलीन ग्लायकॉल, मात्र उणे १३ च्या आसपासच गोठते, तेव्हा जास्त घालण्याचा मोह टाळा. कूलंट रंगावरून निवडू नका, पुस्तिकेतला प्रकारच घ्या. आणि सांडलेले किंवा पुढे कधी काढलेले कूलंट उघड्यावर सोडू नका: ते गोडसर पण विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात.