ट्रकचा एसी गार का करत नाही?

आपल्या पर्वत पाटियाहून कापडाच्या गाठी नेणाऱ्या चालकाला मे महिन्यात केबिन भट्टीसारखी लागते. २०२५ पासून नव्या मध्यम व अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे योग्यच!

एसी थंडी तयार करत नाही. त्यातील गॅस केबिनची उष्णता शोषतो आणि पुढच्या कंडेन्सरमध्ये बाहेर टाकतो. म्हणून ट्रक धावताना गार, पण सिग्नलवर गरम हवा आली, तर आधी कंडेन्सरवरची धूळ व पंखा पाहावा. हवाच कमी येत असेल तर फिल्टर. सांध्यावर तेलकट डाग दिसल्यास गळतीचा संशय घ्यावा. ती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. नळी मात्र स्वतः उघडू नये, उडालेल्या गॅसने डोळ्यांना इजा होते.