वजनातील तफावत

प्रयोगशाळेत तुम्ही एकच गोष्ट दोन रीतींनी मोजली आणि उत्तरे निराळी आली, तर काय कराल? पुष्कळ विद्यार्थी पुस्तकाशी जुळणारा आकडाच वहीत उतरवितात. लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञांनी तसे केले नाही.

रॅली नत्रवायूची, म्हणजेच नायट्रोजनची, घनता मोजीत होते. काचेच्या गोलात वायू भरावा आणि तो गोल सूक्ष्म तराजूत तोलावा, अशी त्यांची रीत होती. हवेतील प्राणवायू काढून टाकल्यावर उरलेला नत्रवायू त्यांनी तोलला. हवा आणि अमोनिया यांपासून मिळविलेलाही तोलला. हा दुसरा सुमारे एक हजारांशाने हलका भरला! इ. स. १८९२ मध्ये हे कोडे त्यांनी उघडपणे शास्त्रज्ञांपुढे मांडले.

चूक कोठे असावी? हाताची चूक असती, तर वजन कधी कमी, कधी अधिक भरले असते. तराजूचा दोष असता, तर तो दोन्ही वजनांत सारखाच उतरला असता. परंतु दर खेपेस अमोनियाचा वायूच हलका भरे. म्हणजे कारण वायूतच शोधावयास हवे होते.

मग रॅलींनी तफावत झाकण्याऐवजी ती मुद्दाम वाढवून पाहिली. अमोनियाबरोबर हवेऐवजी शुद्ध प्राणवायू घेताच ती जवळजवळ पाचपट झाली. गोलात हवेतील नत्रवायू सुमारे २.३१० ग्रॅम भरे, तर रासायनिक क्रियेने मिळविलेला सुमारे २.२९९ ग्रॅम.

हलक्या वायूत हायड्रोजन राहिला असेल काय? रॅलींनी तो आपण होऊन मिसळून पाहिला. शुद्धीकरणात तो निघून गेला. वजनात फरक पडला नाही. तेव्हा संशय दुसऱ्या बाजूस वळला. हलका वायूच शुद्ध असेल आणि हवेतील नत्रवायूत एखादा जड वायू दडलेला असेल तर?

तसेच होते. १८९४ मध्ये रॅली आणि विल्यम रॅम्झी यांनी तो वायू शोधून काढला. त्याचे नाव आर्गॉन. हवेच्या शंभर भागांत तो सुमारे एक भाग असतो. १९०४ साली दोघांनाही नोबेल पारितोषिके मिळाली.

मुलांनो, तुमच्या प्रयोगात आलेला आकडा जसाच्या तसा लिहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून चुकीचा माग काढा. न जुळणारा आकडा रॅलींनी खोडून टाकला असता, तर आर्गॉन त्यांच्या हातून निसटला असता.

स्वाध्याय
१. तराजूत दोष नाही, हे रॅलींनी कशावरून ओळखले?
२. रॅलींनी तफावत वाढवून का पाहिली?