आमच्याच शहराची सहल

(आपण ज्या गावात राहतो, ते गाव आपल्याला पूर्ण ठाऊक आहे असे आपण समजतो. आठवीतल्या एका मुलीलाही तसेच वाटत होते. एका सकाळी ती वर्गाबरोबर आपलेच शहर पाहायला निघाली. तिने काय पाहिले, ते या पाठात तिच्याच शब्दांत वाचा.)

दरवर्षी आमची सहल दूरच्या गावी जाते. यंदा मात्र मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहिले, ‘शनिवारी सहल. वेळ : सकाळी ७ ते दुपारी १. ठिकाण : आपले शहर.’

वर्गात कुजबुज सुरू झाली. “हे काय, बाई! आपले शहर तर आम्ही रोज पाहतो,” माझी मैत्रीण म्हणाली.

“रोज पाहता, की रोज नुसते त्यातून जाता?” बाईंनी विचारले. कोणीच उत्तर दिले नाही.

बाईंनी एक अट घातली. प्रत्येकीने वही आणायची. कानावर पडणारे नवे मराठी शब्द तिच्यात लिहायचे. त्यांतला जो शब्द आपल्या घरच्या उर्दूतही आहे, त्याच्याखाली रेघ ओढायची.

शनिवारी सकाळी आम्ही भडकल दरवाज्याजवळ जमलो. शहर दाखवायला एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांच्या हातात छत्री होती. छत्रीच्या टोकाने ते एकेक गोष्ट दाखवू लागले.

“मुलींनो, या शहराला बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणतात. आज त्यांतले थोडेच उभे आहेत. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा ही नावे तुम्ही ऐकली असतील. वाट ज्या गावाकडे जाते, त्या गावाचे नाव दरवाज्याला. हा भडकल दरवाजा मात्र विजयाची खूण आहे. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ साली बांधला.”

मलिक अंबर कोण, हे मला नीट माहीत नव्हते. सरांनी त्याची गोष्ट सांगितली. तो हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जात जात तो दख्खनमध्ये आला. पुढे आपल्या कर्तृत्वाने तो निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी या गावी हे शहर वसवले. लोक राहायचे तर पाणी हवे. म्हणून त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणले. ही नहर ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने प्रसिद्ध आहे.

“खडकीचे नाव १६२६ साली फत्तेनगर झाले,” सर म्हणाले. “१६५३ साली औरंगाबाद झाले. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. चारशे वर्षांत चार नावे! ही चारही तुम्हांला सांगता आली पाहिजेत.”

मी वहीत लिहिले : दरवाजा, नहर, वजीर, गुलाम. चारही शब्दांखाली रेघ ओढली. मग माझ्या लक्षात आले, की यांतला एकही शब्द मला नवा नव्हता.

तेथून आम्ही चालत पाणचक्कीला गेलो. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. त्याच आवारात ही चक्की आहे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येथवर आणलेले होते.

“पाणी उतारावरून खाली येते, हे तर कळले,” एका मुलीने विचारले, “पण सर, ही भिंत तर उंच आहे. पाणी हिच्यावर कसे चढले?”

सरांना प्रश्न आवडला. ते म्हणाले, “बंद नळातले पाणी ज्या उंचीवरून निघते, जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत पुन्हा वर चढते. झरा डोंगरात उंचावर होता. म्हणून पाणी भिंतीतल्या नळातून वर चढले, आणि वरून धबधब्यासारखे हौदात पडले. याच पाण्याच्या जोराने खालचे चाक फिरे. चाकाच्या दांड्याबरोबर वरचे जाते फिरे. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि येथे शिकणाऱ्या मुलांसाठी या जात्यावर धान्य दळले जाई. त्यासाठी ना बैल लागे, ना माणसाचे बळ.”

मग सरांनी आम्हांला हौदाखाली असलेले दालन दाखवले. वरच्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत! उन्हाळ्यात वाटसरू तेथे गारव्याला बसत. मी भिंतीला हात लावला. माझ्या डोक्यावर पाण्याचा हौद आहे, ही कल्पना मला मोठी गमतीची वाटली.

तेथून बसने आम्ही बीबी का मकबरा पाहायला गेलो. मी तेथे अनेकदा गेले होते. ईदनंतर आम्ही पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो आणि घरी येतो. पाहुणे दरवेळी म्हणतात, “ही तर ताजमहालाची नक्कल!” मला त्याचे थोडे वाईट वाटते.

सरांनी आम्हांला प्रथम मोठ्या दारापाशी उभे केले. “या दारावरच्या लेखात दोन नावे आहेत,” ते म्हणाले. “एक अताउल्ला आणि दुसरे हंसपत राय. एक स्थपती, दुसरा अभियंता. अताउल्लाचे वडील उस्ताद अहमद लाहोरी. ताजमहालाचे ते मुख्य स्थपती मानले जातात. मुलाने बापाची विद्या पुढे चालवली. म्हणून दोन्ही इमारतींत साम्य दिसते.”

औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ साली वारली. तिलाच राबिया-उद-दौरानी म्हणतात. तिच्या स्मरणार्थ हा मकबरा उभा राहिला. तिचा मुलगा आझमशहा याचे नाव या इमारतीशी जोडले जाते.

आम्ही बागेतून चालत चौथऱ्यावर चढलो. सर म्हणाले, “आता भिंत खालून वर पाहा.” आम्ही पाहिले. खाली संगमरवर होता. काही उंचीवर तो संपला. तेथून वर साधा काळा दगड आणि त्यावर पांढरा गिलावा. घुमट मात्र पुन्हा संगमरवराचा.

“ताजमहालाच्या मानाने येथे पैसा फारच थोडा होता,” सर म्हणाले. “या इमारतीला सुमारे ६ लाख ६८ हजार रुपये खर्च आला, अशी नोंद आढळते. संगमरवर पुरणार नव्हता. मग कारागिरांनी काय केले? त्यांनी चुना घोटून घोटून असा गुळगुळीत केला, की दुरून तो संगमरवरच भासावा. गिलाव्यात वेलबुट्टी कोरली. जेथे धन कमी पडले, तेथे त्यांनी हाताचे कसब ओतले. याला तुम्ही नुसती नक्कल म्हणाल का?”

मी वाकून गिलाव्यातले एक फूल जवळून पाहिले. इतक्या वेळा येऊनही ते मी कधी पाहिले नव्हते.

साडेअकरा वाजले होते. ऊन तापले होते. आम्हांला वाटले, सहल संपली. पण सर म्हणाले, “आतापर्यंत तुम्ही दगडाचे काम पाहिले. आता धाग्याचे काम पाहा.”

जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत आम्ही शिरलो. एका खोलीतून ‘खट् खट्’ असा आवाज येत होता. आत एक म्हातारे विणकर चाचा मागावर बसले होते. जमिनीत खड्डा होता. त्यात पाय सोडून ते विणत होते. आम्ही पाच-पाच जणी आळीपाळीने आत गेलो.

चाचा हिमरू विणत होते. ‘हिमरू’ हा शब्द ‘सारखा’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून आला, असे सांगतात. किनखाब हे सोन्याचांदीच्या जरीचे भारी वस्त्र. ते सर्वांना परवडणारे नव्हते. म्हणून येथल्या विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र करून त्याच्यासारखे दिसणारे वस्त्र विणले. सोने नाही, चांदी नाही, तरी चमक तीच. मला एकदम मकबऱ्याच्या भिंतीवरचा गिलावा आठवला.

“हा ताणा,” उभ्या धाग्यांवर हात ठेवून चाचा म्हणाले, “हा सुताचा. आणि हा बाणा, आडवा, रेशमाचा.”

“आमच्या घरीही ताना-बानाच म्हणतात!” माझी मैत्रीण म्हणाली आणि तिने वहीत रेघ ओढली.

मागाच्या वर दोऱ्यांची मोठी जाळी बांधलेली होती. तिला ‘जाला’ म्हणतात. कोणते धागे कधी उचलायचे, ते सारे त्या दोऱ्यांत बांधून ठेवलेले असते. पूर्वी मागाच्या वर एक मुलगा बसे. तो ठरलेल्या दोऱ्या ओढी. तेवढेच धागे वर उचलले जात. मग खाली बसलेला विणकर त्यांमधून रंगीत रेशमाचा धोटा टाकी. अशी एकेक ओळ करत फूल उमलत जाई. पुढे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांचे जॅकार्ड आले. तेव्हापासून त्या मुलाचे काम पुठ्ठे करू लागले.

चाचांनी कापड उलटून दाखवले. पुढून डाळिंबे आणि वेली; मागून मोकळ्या धाग्यांचा दाट थर. “या धाग्यांमुळे हिमरूची शाल उबदार होते,” ते म्हणाले. “लोक पुढची बाजू पाहतात. विणकर मागची पाहतो.”

सकाळपासून विणलेले कापड मी बोटांनी मोजले. चार बोटे भरले.

“चाचा, यंत्रावर तर झटपट होते,” एक मुलगी म्हणाली.

“होते, बेटी. स्वस्तही पडते. यंत्राला मी वाईट म्हणत नाही. माझा मुलगा कारखान्यात यंत्रावरच काम करतो. त्यावरच आमचे घर चालते. निजामाच्या काळात या कापडाच्या शेरवान्या होत. लहानपणी मागांच्या आवाजानेच मला जाग येई. आता गल्लीत हा एकच माग उरला आहे.”

“मग तुमच्यानंतर हे काम कोण करणार?” मी विचारले.

विचारल्यावर मला वाटले, आपण हे विचारायला नको होते. चाचा लगेच बोलले नाहीत. त्यांनी एक तुटलेला धागा शोधला, चिमटीत धरून गाठ मारली आणि म्हणाले, “ये, बैस. एक धोटा तू टाक.”

मी भीत भीत बसले. धोटा टाकला. धागा सैल पडला आणि ओळ वाकडी आली. चाचांनी तो धागा हळूच काढून घेतला. “पुन्हा,” ते म्हणाले. दुसऱ्या वेळी ओळ सरळ आली. ती त्यांनी ठेवली.

बाहेर पडताना सर आम्हांला म्हणाले, “मकबरा राखायला पहारेकरी आहेत. फुटला तर डागडुजी होते. या खोलीतल्या विद्येला पहारेकरी नाही. ती शिकणाऱ्याच्या हातातच राहते.”

दुपारी घरी आल्यावर मी दादीजानला सारे सांगितले. ती काही न बोलता उठली. तिने पेटी उघडली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक शाल काढली. ही शाल मी दर हिवाळ्यात तिच्या खांद्यावर पाहिली होती. आज मी ती प्रथमच उलटून पाहिली. मागे मोकळ्या धाग्यांचा दाट थर होता.

“हिमरू!” मी ओरडले.

“तुझे दादाजान लहानपणी मागाच्या वर बसत,” दादीजान म्हणाली. “दोऱ्या ओढून ओढून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते.”

“हे तू मला कधीच सांगितले नाहीस.”

“तू कधी विचारलेच नाहीस, बेटी.”

रात्री मी वही उघडली. एकूण एकतीस शब्द झाले होते. त्यांतल्या बावीस शब्दांखाली रेघ होती. सोमवारी बाईंना ती वही दाखवायची होती. पण त्याआधी रविवार होता. गल्लीतून निघताना मी चाचांना हळूच विचारले होते, “सुटीच्या दिवशी मला शिकवाल?”

ते म्हणाले होते, “हात धुऊन ये. रेशमाला मळका हात चालत नाही.”

रविवारी सकाळी मी साबणाने दोनदा हात धुतले आणि घराबाहेर पडले.

शब्दार्थ

निवृत्त – नोकरीची वर्षे पूर्ण झालेला
वाटसरू – वाटेने जाणारा, प्रवासी
दालन – मोठी खोली
स्थपती – इमारतीची रचना ठरवणारा
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा थर
कसब – हातातील कौशल्य
धोटा – आडवा धागा घालण्याचे विणकराचे साधन
घट्टा – सतत घासल्याने कठीण झालेली कातडी
डागडुजी – दुरुस्ती

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मलिक अंबरने भडकल दरवाजा का बांधला?
(आ) पाणचक्कीत कोणासाठी धान्य दळले जाई?
(इ) हिमरूमध्ये ताणा कशाचा व बाणा कशाचा असतो?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाणी उंच भिंतीवर कसे चढले?
(आ) मकबऱ्याची भिंत आणि हिमरूचे कापड यांत मुलीला कोणते साम्य दिसले?
(इ) ‘लोक पुढची बाजू पाहतात. विणकर मागची पाहतो.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. पाठातील असे दहा शब्द शोधा, जे मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत.

४. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या जुन्या व्यवसायाविषयी विचारा. त्यांनी वापरलेल्या हत्यारांची नावे वहीत लिहा.