‘पितात’ की ‘प्यायला’?



सिन्नर तालुक्यातल्या वस्तीवर आपला संध्याकाळचा वर्ग भरतो. या तिमाहीत आठवी ते दहावीच्या मुलांना मी इंग्रजीचे काळ शिकवले. साध्या वर्तमानकाळासाठी फळ्यावर नेहमीचे उदाहरण लिहिले, ‘द सन राइजेस इन द ईस्ट.’ जे कायमच खरे असते किंवा ज्याची सवय असते, ते या काळात सांगायचे. मग प्रत्येकाला स्वतःचे एक वाक्य लिहायला सांगितले.

एका भिल्ल मुलाने लिहिले, ‘भिल्स ड्रिंक लिकर.’

कर्ता अनेकवचनी, म्हणून क्रियापदाला ‘एस’ नाही. (एकवचनात हा ‘एस’ हमखास विसरतात.) वाक्य बिनचूक होते. मी बरोबरची खूण केली आणि पुढची वही घेतली. दोन-तीन वह्या झाल्या, पण ते वाक्य डोळ्यांपुढून हलेना. त्याला परत बोलावले.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात, सर.”

“तू पितोस?”

“नाही.”

“आई?”

“नाही. चुलता प्यायला होता, पोळ्याला.”

“मग तेवढंच लिही.”

त्याने ‘ड्रिंक्ड’ लिहिले, मी ‘ड्रँक’ करून दिले. आता वाक्यात एक माणूस आणि एक दिवस उरला. साध्या भूतकाळाचे हेच काम आहे. आधीच्या वाक्यात मात्र चुलत्याचा पोळा सगळ्या जमातीचा स्वभाव झाला होता, सूर्य पूर्वेला उगवतो त्याच रांगेत बसलेला. आणि त्यावर खूण माझी होती.

हेच व्याकरण एकदा कायद्यात उतरले होते. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढवण्यात आली. जमातीचे नाव यादीत आले की माणसाने स्वतः काय केले हे विचारायची गरज नसे. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. आपल्याकडचे फासेपारधी त्यात भरडले गेले. तारेच्या कुंपणाआडच्या काही वसाहती ख्रिस्ती संस्थांनीही सरकारच्या वतीने चालवल्या. मुक्तिफौज त्यांपैकी एक. हेतू सुधारणेचा होता, पण यादी त्यांनीही मान्य केली होती, हे आपण विसरू नये. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. ‘पारधी चोऱ्या करतात’ हे वाक्य अजून रद्द झालेले नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडून पाहा. पौल चोर, लोभी, मद्यपी अशी मोठी यादी देतो आणि मग मंडळीतल्या कित्येकांना सांगतो की तुम्ही असे होता. तिथले क्रियापद भूतकाळी आहे. मद्यपी होते हे तो लपवत नाही, पण तेच त्यांचे नाव म्हणून चालू ठेवत नाही. मी हा अध्याय अनेकदा शिकवला आहे, पण क्रियापदाकडे यंदा प्रथमच पाहिले.

आता आपल्याच अहवालांबद्दल. मी स्वतः मागे एकदा लिहिले होते, ‘आदिवासी पालक शिक्षणाला महत्त्व देत नाहीत.’ असे वाक्य वाचून मदत येते, म्हणून ते लिहिले जाते. खरे काय घडले होते? त्या वर्षी दिवाळीआधी वस्तीवरची काही कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला गेली, मुले बरोबर गेली, आणि परत येईपर्यंत वर्ष बुडाले होते. असे लिहिले असते तर उचल, कर्ज, दूरची शाळा असे कितीतरी प्रश्न वाचकांनी विचारले असते. त्या माझ्या वाक्यावर कोणी काहीच विचारले नाही.

गृहसभेत हा धडा घ्याल तेव्हा ‘ते लोक’ने सुरू होणारे एक वाक्य प्रत्येकाने कागदावर लिहावे. मग कोणी, कधी, किती वेळा, हे विचारून ते पुन्हा लिहावे. नाव आठवत नसेल तर वाक्य खोडावे.

यंदाही टोळ्या निघतील. मुलांना आजीजवळ मागे ठेवावे म्हणून चार घरांशी बोलणे चालू आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.