चला हिशेब शिकूया : सहावी ते आठवीच्या शाळेवर सरकार किती खर्च करतं?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, व्याज यांचा हिशेब चोख मांडतो. तोच हिशेब सरकारी खर्चालाही लावता येतो. या वेळचं उदाहरण भारत आणि शेजारच्या बांगलादेशाचं. दोन्हीकडे पाचवीनंतर सहावी ते आठवी हा पुढचा टप्पा मानतात, म्हणून तुलना सोपी जाते. मुलगी पुढे शिकणार की घरी बसणार, हे बऱ्याचदा याच वयात ठरतं.

१) नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका.
भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर, बांगलादेशाची १७ कोटींच्या आसपास. आपला एकूण खर्च मोठा दिसणारच. वीस जणींच्या गटाची बचत दहा जणींच्या गटापेक्षा जास्त भरते, म्हणून त्या जास्त काटकसरी असं काही नाही.

२) मिळकतीतला वाटा बघा.
देशाच्या १०० रुपये उत्पन्नातले किती रुपये सरकार शिक्षणाला देतं? सगळं शिक्षण धरून, भारतात केंद्र आणि राज्यं मिळून ४ रुपयांच्या आसपास, बांगलादेशात २ च्या आसपास. आपल्याकडे १९६८ च्या धोरणापासून ६ रुपयांचं उद्दिष्ट आहे. २०२० च्या धोरणातही तेच लिहिलंय. ते अजून गाठलेलं नाही.

३) दर मुलामागे भागाकार करा.
समजा, एका तालुक्यात खर्च २ कोटी आणि मुलं १,०००. म्हणजे मुलामागे २०,००० रुपये. दुसऱ्यात खर्च ३ कोटी, पण मुलं २,०००. म्हणजे १५,००० रुपये. खर्च जास्त, तरी मुलाच्या वाट्याला कमी! दोन देशांत आणखी एक फरक धरायचा. तिथे चलन टाका आहे, आणि त्या पैशात तिथे काय काय येतं तेही बघावं लागतं.

४) पैसा जातो कुठे?
दोन्हीकडे मोठा भाग शिक्षकांच्या पगारावर जातो. बांगलादेशात बहुतेक माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याच शाळांच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, आपल्या अनुदानित शाळांसारखं. शिवाय १९९४ पासून त्यांनी ग्रामीण भागातल्या मुलींना सहावीपासून शिष्यवृत्ती सुरू केली. अटी तीन : ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षण आहे. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण मिळतं.

मग कोण पुढे?
बांगलादेशाचा वाटा कमी, तरी तिथल्या माध्यमिक शाळांत आज मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. पण तिथे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी निम्म्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. भारतात हे प्रमाण २३ टक्के आहे. म्हणजे एकाच आकड्यावरून निकाल लावायचा नाही. किती खर्च केला, कुणापर्यंत पोचला आणि त्यातून काय बदललं, हे तिन्ही प्रश्न सोबत विचारायचे.

आपल्या गावात काय करायचं?
शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला लागतात. म्हणजे हिशेब विचारायचा हक्क आपल्याकडे आहेच. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी पटाप्रमाणे १०,००० ते १ लाख रुपये अनुदान मिळतं. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी असतात. मुलींच्या शौचालयाचं दार मोडलेलं असेल, तर आधी हा हिशेब मागा.

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ
१. आपल्या शाळेचा सहावी ते आठवीचा पट किती? मुली किती?
२. या वर्षी शाळेला अनुदान किती आलं, कशावर खर्च झालं?
३. अनुदानाला शाळेच्या एकूण पटाने भागा. दर मुलामागे किती पडले?
४. गेल्या वर्षी आठवी झालेल्या किती मुली आज नववीत आहेत? ज्या नाहीत, त्यांच्या घरी कोण जाणार, ते बैठकीतच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.